दशक्रियेत सापडलेली ऐरण

माणूस घरी बसला की सगळ्या गावाला त्याची फार काळजी वाटायला लागते. आमचे हे चाकणकडच्या एका कंपनीत प्रेसशॉपला होते. कंपनीने ती लाईनच बंद केली आणि ह्यांना नारळ दिला. तोही खराखुरा दिला, शालीसकट, फोटो काढून. त्या दिवसापासून महाळुंगे पडवळमधली झाडून सगळी माणसं मला वाटेत अडवून एकच प्रश्न विचारायला लागली, "काय करत्यात सध्या?" डेअरीत दूध घालायला जावं, गिरणीत दळण टाकायला जावं, कोणाच्या पोरीच्या हळदीला जावं, प्रश्न तोच. मी म्हणायची, "घरीच असतात." मग समोरची बाई "अस्सं व्हय" म्हणून असा काही सुस्कारा सोडायची, की आमच्याकडे सुतक पडलंय की काय असं मलाच वाटायचं.

घरी बसण्याचं मला काही नव्हतं. शेत आहे, दोन म्हशी आहेत, कांदा आहे, बसलेल्या माणसाला उठवायला एवढं पुरे होतं. पण ह्यांचं बोलणंच बंद झालं. ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, रस्त्याकडे तोंड, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. आमचा संसार "हं" आणि "बघू" या दोन शब्दांवर चालला होता. भाजीत मीठ विसरलं तरी हं, म्हैस व्याली तरी हं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याशी भांडत आले आहे आणि त्यात मला कधी कमी पडलं नाही, पण भांडायला समोर माणूस लागतो. मी घाबरले होते. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोकांनी आणखी एक सुस्कारा सोडला असता.

सगळ्यात जास्त काळजी अर्थातच माझ्या भावाला होती. तो येडगावला असतो. त्याची ओळख नाही असं ऑफिस नाही आणि त्याने सल्ला दिला नाही असा माणूस नाही. त्याने आमच्या ह्यांच्यासाठी नारायणगावकडच्या एका मंगल कार्यालयात गेटवर वॉचमनची जागा पक्की केली. आम्हाला विचारायच्या आधीच पक्की केली. वर निळा शर्ट आणि टोपी घेऊन आला आणि माजघरातल्या खिळ्याला स्वतःच्या हाताने लटकवून गेला. "तुळशीची लग्नं लागली की सीझन चालू व्हतो. तवर आराम करू द्या पावण्यास्नी," म्हणाला. जणू काही पावणं कष्ट करकरून थकले होते!

वॉचमनच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण ज्या माणसाने अर्धं आयुष्य लोखंडाच्या पत्र्याला आकार देण्यात घालवलं, त्याने आता दुसऱ्याच्या लग्नातल्या गाड्या मागेपुढे घ्यायला सांगत खुर्चीवर बसायचं. म्हणजे ओट्यावरची खुर्ची उचलून फक्त गेटवर ठेवायची. ह्यांना विचारलं, जाणार का? हे म्हणाले, "बघू." मला कळून चुकलं, की हा माणूस जाईल, बसेल, आणि मग "हं" सुद्धा म्हणणार नाही.

अशात एक दिवस पोराने टाकून दिलेला मोबाईल ह्यांच्या हातात पडला. पोरगा पुण्यात नोकरीला आहे, तो दिवाळीला येतो आणि जुने फोन ठेवून जातो. त्या फोनमध्ये छातीपर्यंत दाढी असलेला एक गोरा माणूस रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यापासून ऐरण बनवत होता. लोहार ज्याच्यावर तापलेलं लोखंड ठोकतो ती ऐरण. हे तो व्हिडिओ बघायचे, संपला की परत बघायचे. दाढीवाला इंग्रजी बोलायचा, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. आणि एके दिवशी जेवता जेवता हे म्हणाले, "ऐरण करावी म्हणतो."

चक्क तीन शब्द! मी भाकरी थापता थापता थांबले. ऐरण कशाला हवी, हे मी विचारलंच नाही. ह्यांनी हत्ती पाळावा म्हणतो असं म्हटलं असतं, तरी मी कुठे बांधायचा तेवढंच विचारलं असतं.

अडचण एवढीच होती, की त्या दाढीवाल्याच्या गावात रेल्वे होती. आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे दर निवडणुकीला येते आणि निकालाच्या दिवशी जाते. येते-जाते ती इतकी हळुवार, की मागे रुळाचा वीतभर तुकडासुद्धा राहत नाही. मंचरच्या सगळ्या भंगारवाल्यांकडे हे विचारून आले. एकाने तर ह्यांना सांगितलं, "रूळ न्हाई, पण सर्व्हेचा दगड पायजे तर देतो."

ही बातमी येडगावला पोहोचली, म्हणजे मीच पोहोचवली, आणि माझ्या भावाची छाती फुगली. आमच्या माहेरी पूर्वी गुऱ्हाळ होतं. ऊस पिळायच्या चरकाचा एक जाडजूड लोखंडी रोलर गोठ्यामागे कधीचा पडून होता. भावाने तो टेम्पोत घातला आणि स्वतः पुढे बसून मिरवत आणला. आणला तो नेमका शनिवारी. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दारात आडव्या उभ्या राहिल्या. "शनवारी लोखंड उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." भावाने सांगून बघितलं, की हे विकत घेतलेलं नाही, भेट आहे. आत्या म्हणाल्या, "शनीला काय पावती दावणार हायेस का?" टेम्पो रात्रभर रस्त्यावर, टेम्पोवाला आमच्या ओट्यावर आणि माझा भाऊ माझ्या डोक्यावर. वर शनिवार असल्यामुळे त्याला मटण मिळालं नाही, ते दुःख वेगळंच.

रविवारी रोलर परसात उतरवला. गावातली जाणकार मंडळी जमली. लोखंडातलं ज्यांना ओ का ठो कळत नाही, ते सगळ्यात पुढे उभे होते. भावाने रोलरला हळदकुंकू लावलं आणि आपल्या आजोबांच्या काळचं लोखंड कसं होतं यावर थोडं बोलला. मग ह्यांनी शेजाऱ्याकडून आणलेला घण उचलला आणि एक घाव घातला. गुळाची ढेप फुटावी तसा रोलरच्या कडेचा हातभर तुकडा उडाला आणि म्हशीच्या गव्हाणीत जाऊन पडला.

"बीड," हे म्हणाले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. भार सोसतं, घाव सोसत नाही.

माझा भाऊ म्हणाला, "तुमी ठोकलंच चुकीचं, दाजी. आमचं लोखंड असं न्हाई." जाणकार मंडळींनी लगेच मान डोलावली, चहा घेतला आणि पांगली. ह्यांनी घण शेजाऱ्याला पोचता केला, हात धुतले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. रस्त्याकडे तोंड, हात उताणे.

मी दुसऱ्या दिवशी खूप बोलले. ऐरण नाही तर नाही, निदान पाट्यावर चटणी तरी वाटा, म्हणाले. दाढी वाढवा, तेवढ्यानेही अर्धं काम होईल, म्हणाले. पूर्वी मी एवढं बोलले असते तर हे ताटावरून उठून गेले असते आणि संध्याकाळपर्यंत माझ्या माहेरचा उद्धार केला असता. आता हे नुसतं "हं" म्हणाले. मी चुलीपुढे बसून रडले, आणि आत्यांनी ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं. खिळ्यावरचा निळा शर्ट वाऱ्याने हलत होता.

पण दाढीवाला हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याच्या पुढच्या एका व्हिडिओत त्याने लोखंड ओळखायची युक्ती सांगितली. बेअरिंगमधली पोलादी गोळी घ्यायची आणि हातातून लोखंडावर सोडायची. गोळी टण्णकन उसळून वर आली तर लोखंड जिवंत, घाव परत देणारं. गोळी तिथेच थबकली तर मेलेलं. ह्यांनी मळणी यंत्राचं मोडकं बेअरिंग फोडून एक गोळी काढली, खिशात टाकली आणि घराबाहेर पडले.

घराबाहेर पडले हे पाहून मी देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवायची मी जरा घाई केली असं नंतर वाटलं. कारण त्या गोळीपासून तालुक्यातलं काही वाचलं नाही. डेअरीच्या वजनकाट्यावर गोळी, ग्रामपंचायतीच्या हापशावर गोळी, पाहुण्यांच्या ट्रॅक्टरच्या हुकावर गोळी. व्याह्यांकडे गेलो तर त्यांच्या नव्या गेटवर गोळी, आणि वर "मेलेलं हाय," असा शेरा. व्याह्यांना वाटलं त्यांच्या घरातलं कोणी. बेल्ह्याच्या बाजारात तर जनावर बांधायच्या लोखंडी खुंट्यांवर हे वाकून वाकून गोळी टाकत होते. एक व्यापारी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, गाय घ्यायची हाय का गोट्या खेळायच्या हायेत? एक काय ते ठरवा राव." मी पदर तोंडाला लावून टेम्पोच्या मागे जाऊन उभी राहिले.

भाद्रपदात आत्यांच्या नात्यातले एक म्हातारे गेले. घोड नदीच्या घाटावर दशक्रिया होती. आमच्या भागात दशक्रिया म्हणजे साधी गोष्ट नाही. मांडव असतो, माईक असतो, प्रवचन असतं, आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या असतात. मयताला कधीही न भेटलेला माणूस सगळ्यात जास्त वेळ बोलतो. त्या दिवशीही एक पांढरे कपडेवाले उठले आणि म्हाताऱ्याला निर्व्यसनी म्हणाले. आख्ख्या घाटाने एकदम माना खाली घातल्या. म्हातारा तंबाखूसाठी पावसात दुसऱ्या गावाला चालत गेलेला सगळ्यांना आठवत होता.

भाषणं संपली आणि पिंड ठेवला. मग सगळे मागे सरले, कावळा शिवायची वाट बघत. कावळा पिंडाला लवकर शिवला तर माणूस तृप्त गेला, नाहीतर काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडे धरतात. माईक बंद, माणसं गप्प. नदीचं पाणी वाहतंय तेवढं ऐकू येत होतं. पिंपळावर एक कावळा होता. तो मांडवाच्या पाइपावर आला, मग खाली उतरला, मग एकेक उडी मारत पिंडाकडे निघाला. म्हाताऱ्याच्या दोन्ही मुलांनी हात जोडले. कावळ्याने मान वाकडी केली, चोच पुढे केली, आणि

टण्ण!

कावळा उडाला तो थेट नदीपलीकडे. आख्खा घाट वळून बघायला लागला. मी वळलेच नाही. मला माहीत होतं.

मांडवाची दोरी ताणून धरायला मांडववाल्याने कोपऱ्यात एक काळं, गोल, जाड लोखंड ठेवलं होतं. आमचे हे त्याच्याजवळ वाकून उभे होते, आणि गोळी ह्यांच्या हातात परत आलेली होती.

मेले असते तर बरं, असं मला वाटलं. म्हणजे मी. कोणीतरी "कोन हाय रं त्यो?" म्हणालं आणि दुसऱ्या कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. हे जरा मोठ्याने म्हणाले, "चुकलं माझं." चारचौघांत इतक्या दिवसांनी लोखंड सोडून बोललेलं पहिलं वाक्य, तेही भर दशक्रियेत.

आता कावळा काही येईना. आधी थोरल्या मुलाने सांगितलं, वर्षश्राद्धाला सगळ्या गावाला जेवण घालू. कावळा ढिम्म. धाकट्याने सांगितलं, नातीचं लग्न थाटात करू. कावळ्याने पलीकडच्या काठावर पंख साफ करायला घेतले. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या. शेवटी मागून एक म्हातारी करवादली, "आरं बांधाचं मिटवा की! त्याच्याच पायी बसलाय त्यो!" सगळ्यांच्या मनातलं ती बोलली. दोघा भावांचा बांधावरून वाद कोर्टात होता. बांधावर एक मोठी बाभूळ उभी होती. ती थोरला तोडू देत नव्हता, कारण तोडली तर ती धाकट्याची ठरली असती, आणि धाकटा तोडू देत नव्हता, कारण उलट.

भुकेल्या लोकांपुढे थोरल्याने मान खाली घातली आणि पिंडाकडे बघून बापाला म्हणाला, "दादा, बाभूळ काढून टाकतो. तिच्या जागी मधोमध दगड रोवतो." धाकटा म्हणाला, "माजं बी कायी म्हननं न्हाई." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. एवढ्यात कावळा आला आणि घास घेऊन गेला. त्यालाही भूक लागली असणार. पण आमच्याकडे अजून सांगतात, की म्हाताऱ्याने बांध मिटवला. तो आमच्या ह्यांनी मिटवला असं मात्र कोणी म्हणत नाही.

परत येताना मी गाडीवर मागे बसून जे तोंड सोडलं ते सोडलं. लोक दशक्रियेला हळहळायला येतात, तुम्ही गोट्या खेळायला येता, म्हणाले. चुलत्या-मालत्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, म्हणाले. ह्यांनी वाटेत गाडी थांबवली. मागे वळून मूठ उघडली आणि गोळी दाखवली. "अगं, पार हातात परत आली," म्हणाले. चेहरा असा, की जत्रेत हरवलेलं पोर सापडलंय. माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

ते लोखंड म्हणजे पोकलेनच्या ब्रेकरची झिजलेली छिन्नी होती. विहिरीतला काळा खडक फोडतात ती. खाली टोक, वरचं तोंड सपाट, कारण मशीन त्याच्यावरच ठोके देतं. म्हणजे जन्मभर घाव खाऊनच ती एवढी झालेली. झिजल्यावर कोणीतरी फेकली आणि मांडववाल्याने उचलली. हे त्याच्याकडे गेले तर तो द्यायला तयार होईना. "वजन कुटनं आनू मंग? वारा आला तर मांडव उडंल की." तेव्हा ह्यांना आमच्या परसातला चरकाचा रोलर आठवला. जड होता, गोल होता, मधे दोरी ओवायला भोकसुद्धा होतं. मांडववाला जाम खूश. माझ्या आजोबांच्या काळचं लोखंड आता तालुक्यातल्या समस्त दशक्रियांचे मांडव धरून उभं असतं. भार सोसतं, घाव कोणी घालत नाही. भावाला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मांडववाल्याला दशक्रियांतून सवड मिळाली ती शनिवारी. छिन्नी घेऊन त्याचा टेम्पो दारात येऊन थांबला. मी आत्यांकडे बघितलं. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, मग आपल्या लेकाकडे. लेक टेम्पोवर चढून छिन्नीवरची माती हाताने पुसत होता आणि मांडववाल्याशी चक्क बोलत होता. आत्या म्हणाल्या, "मागनं न्या. मागच्या दाराला उंबरा न्हाई." आणि आत निघून गेल्या. मागच्या दाराला उंबरा नाही हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझे किती शनिवार वाया गेले!

ऐरणीला खाली बुंधा लागतो, चांगला जड, न फुटणारा. बाभळीसारखं लाकूड नाही. ह्यांनी चौकशी केली की नाही मला माहीत नाही, पण एका सकाळी ते दोघे भाऊ एकाच ट्रॅक्टरवर बसून आले. मागे बांधावरच्या बाभळीचा बुंधा. "तुमच्यामुळं आमाला त्या दिशी उशीर झाला," थोरला म्हणाला आणि हसला. दोघांनी मिळून बुंधा खाली घेतला. एका ट्रॅक्टरवर ते दोघे बसलेले बघायला अर्धं गाव गोळा झालं होतं. ऐरण बघायला कोणी नव्हतं.

मग परसात ठाकठूक सुरू झाली. बुंध्याला मधे खोलगट भोक पाडलं, अर्धा बुंधा जमिनीत पुरला आणि छिन्नी टोक खाली करून त्यात उभी ठोकून बसवली. वरचं तोंड ग्राइंडरने घासून लख्ख केलं, कडा जरा गोल केल्या. माझ्या लेकीने माहेरी विसरलेला केस वाळवायचा ड्रायर भट्टीचा भाता झाला. लेकीला तो परत हवा आहे. मी तिला सांगते की शोधतेय.

जाणकार मंडळी पुन्हा आली. ही कसली ऐरण, हिला पुढे निघालेलं निमुळतं शिंग कुठाय, हे तर नुसतं मुसळ, असं एकमताने ठरलं. माझा भाऊही येऊन गेला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, आपल्यात असली कामं करत न्हाईत." मी विचारलं, "मग आपल्यात काय करत्यात? खुर्चीत बसत्यात?" तो म्हणाला, "तसं न्हाई, पन लोक काय म्हनतील." लोक काय म्हणतात ते मी पावसाळाभर डेअरीत ऐकत होतेच. त्यात नवीन काही भर पडणार नव्हती.

गाडीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याच्या तुकड्यातून ह्यांनी पहिलं खुरपं घडवलं. पाणी पाजताना, म्हणजे लालभडक पातं पाण्यात बुडवताना, ते चिरलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा खुर्ची. पण ह्यांनी चिरलेलं पातं उजेडात धरून बघितलं, दाढीवाल्याला एक शिवी दिली आणि दुसरा तुकडा भट्टीत टाकला. शिवी ऐकून मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

दुसरं खुरपं घेऊन मी कांद्यात गेले. वाफा खुरपला आणि परत येऊन ह्यांना सांगितलं, जड आहे, मूठ वाकडी आहे, आणि असल्या खुरप्याने गवत निघतं पण मनगटही निघतं. हे ताडकन उठले. "मग तुला काय सोन्याचं पायजे व्हतं? आण इकडं!" खुरपं माझ्या हातातून हिसकावून घेतलं. वर माझ्या माहेरच्या लोखंडाचा उद्धार केला, माझ्या भावाच्या अकलेचा केला, आणि मूठ सरळ करायला घेतली. मी आत गेले आणि आत्यांना म्हणाले, "भांडले माझ्याशी." आत्या म्हणाल्या, "ऐकलं की." आणि दोघी लसूण सोलत बसलो.

ते खुरपं बाकीच्या बायकांनी पाहिलं. बाजारातली खुरपी पत्र्याची, दगड लागला की तोंड फिरवणारी. एकीने आपलं बोथट खुरपं आणून दिलं, "भाऊ, माजं बी बघा की जरा." मग दुसरीने विळा आणला. मग दोघा भावांपैकी धाकट्याने कुऱ्हाड आणली, आणि धाकट्याने आणली म्हणून थोरल्यानेही आणली. दसऱ्याला आत्यांनी स्वतः ऐरणीला हळदकुंकू लावलं आणि कोणीही तिला पाय लावायचा नाही असं म्हशीसकट सगळ्यांना बजावलं.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. मी खुरप्यांची पिशवी घेऊन आलेल्या बायकांना चहा टाकत होते, तेवढ्यात भावाचा फोन आला. बराच वेळ ह्यांचा फोन लावत होता म्हणे, उचलत नव्हते. तो फोन भट्टीशेजारी विटेवर ठेवलेला मला खिडकीतून दिसत होता, दाढीवाला त्यात एकटाच बोलत होता.

"काय करत्यात पावणं? घरीच हायेत न्हवं?" भाऊ म्हणाला. "सोमवारपासनं गेटवर यायचं सांग. पुढच्या आठवड्यात लई मोठं लगीन हाय."

मी खिळ्यावरच्या निळ्या शर्टाकडे बघितलं. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "शर्ट घेऊन जा येशील तेव्हा," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला व्हईल."

"आगं पन त्यांना दे की फोन. घरी हायेत ना?"

"घरी न्हाईत."

"मग कुठं गेलेत?"

"कामावर," मी म्हणाले. पावसाळाभर गिळलेला शब्द होता तो. नीट बाहेर पडला नाही, म्हणून परत म्हणाले, "कामावर हायेत."

तो म्हणाला, "कोणाच्या कामावर? आन तिकडं मागं ठोकाठोकी कसली चाललीय?"

"तेच तर सांगतीय," मी म्हणाले, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून फोन खिडकीबाहेर धरला.